पट्टी उतरवली म्हणजे हार मानली का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी पन्नाशी ओलांडलेला, पुण्यात नोकरी करणारा माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनिअरिंग कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनी रॉक बँड काढला होता. मी लीड गिटार वाजवायचो. आमचा गायक माझा शाळेपासूनचा मित्र. लेड झेपेलिन, डीप पर्पल, एरोस्मिथ यांची गाणी तो मूळ पट्टीत गायचा आणि गॅदरिंगला पोरं बाकांवर चढायची. पुढे नोकऱ्या, लग्नं, परदेशवाऱ्या यांत सगळं थांबलं. आता आम्ही पुन्हा जमलोय, दर रविवारी जॅमिंग करतो आणि येत्या जानेवारीत कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्हाला तासभर वाजवायचंय. अडचण अशी की मित्राचा आवाज राहिलेला नाही. वरच्या जागा लागत नाहीत, आवाज फाटतो, तासाभरात घसा बसतो. तो म्हणतो, सगळी गाणी एक स्वर खाली घेऊ. मला ते पटत नाही. ओपन तारांवरच्या रिफची (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याची) मजा जाते आणि मला तर ती सरळ हार वाटते. वर त्याने स्वतः केलेली तीन मराठी गाणी आणली आहेत. खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी. ती रॉक वाटतच नाहीत. ड्रमरचा २३ वर्षांचा भाचा मात्र सगळं मूळ पट्टीत सहज गातो आणि बाकीच्यांना वाटतं, त्यालाच घ्यावं. इतक्या जुन्या मित्राला ‘तू आता गाऊ नकोस’ हे मी कसं सांगू?

नमस्कार,

तुम्ही विचारलंय ‘कसं सांगू’. मला आधी ‘सांगावं का’ यावर बोलायचंय. ‘मित्राचा आवाज राहिलेला नाही’ हे वाक्य तुम्ही निकाल लागल्यासारखं लिहून टाकलंय. आणि चार ओळींनंतर तुम्हीच सांगता की त्याने तीन नवी गाणी केली आहेत आणि तो ती गातो. म्हणजे आवाज आहे. तुम्हाला हवा तो नाही, एवढंच.

तुम्ही गिटारवाले, म्हणून तुमच्याच घरातलं उदाहरण घेते. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गिटारवाला टोनी आयोमी तुम्हाला मी काय सांगणार! बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपर्यंत काही गाण्यांसाठी गिटार चक्क तीन अर्ध्या स्वरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांचा त्रास कमी झाला. त्या सैल तारांमधून जो जड, गडद नाद निघाला त्यावर पुढच्या पिढ्यांनी हेवी मेटलचे इमले चढवले. बोटांना झेपेना म्हणून त्या माणसाने पट्टी उतरवली, आणि गेली पन्नास वर्षं गिटारवाले त्याला देव मानतात. मग गळ्याला झेपेना म्हणून उतरवली तर ती हार कशी? जिमी हेंड्रिक्स तर विशीतच अर्धा स्वर खाली लावून वाजवत होता. गन्स एन’ रोझेसचा १९८७ चा पहिला अल्बमही अर्धा स्वर खालीच आहे. तुम्ही कॉलेजात कॅसेटवरून ती गाणी बसवली असतील, तेव्हा ट्यूनिंग उतरवूनच बसवली असणार.

आता ‘मूळ पट्टी’. तुमच्या यादीत झेपेलिन आहे, म्हणून त्यांच्या गायकाचं, रॉबर्ट प्लांटचंच बघू. तो १९४८ चा. बँडचा पहिला अल्बम १९६९ च्या सुरुवातीला आला तेव्हा वीस वर्षांचा होता. ती किंकाळी, तो तार सप्तकात सरळ घुसणारा आवाज वीस-बावीस वर्षांच्या गळ्याचा आहे. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला झालेल्या मैफिलींचं ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा कान देऊन ऐका. स्टुडिओत ज्या ओळी तो वर चढवत होता, त्यांतल्या कितीतरी तिथे खाली वळवून गातो. वय चोवीस! सततचे दौरे, रात्रीमागून रात्री ओरडणं. ज्याची ही गाणी, त्यालाच ती चोविशीत रोज तशी गाता येत नव्हती. तुमच्या मित्राने ती पन्नाशीनंतर, आठवडाभर ऑफिस करून, रविवारी दुपारी गावीत असं तुम्ही म्हणताय.

आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओ-टू अरीनात झेपेलिन पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा बरीचशी गाणी एक पूर्ण स्वर खाली घेतली होती. गिटारवादक जिमी पेजने घेतली, म्हणजे तुमच्याच जातकुळीतल्या माणसाने. लोकांना गाणी कमी भिडली असं काही ऐकिवात नाही. त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, प्लांटचा ॲलिसन क्राउस या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) गायिकेबरोबरचा ‘रेझिंग सँड’ हा अल्बम आला होता. त्यात किंकाळी औषधालाही नाही. तो जवळजवळ कुजबुजत गातो, तिच्या आवाजाखाली आपला आवाज सरकवतो, ओळ संपवायची घाई करत नाही. २००९ च्या ग्रॅमी समारंभात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. ओ-टूनंतर जगभरच्या दौऱ्याचा आग्रह झाला तरी प्लांट पुन्हा त्या वाटेला गेला नाही. अनेकांना तो त्याचा हटवादीपणा वाटतो. मला वाटतं, आपला आताचा गळा कुठली गाणी मागतोय हे त्याला कळलं होतं. (जाता जाता: १९७२ साली हाच प्लांट आणि पेज मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी वेगळ्याच अंगाने रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवूनही गेले. मूळ रूपाशी एकनिष्ठ राहण्याचं वेड त्यांना तेव्हाही नव्हतं.)

गळ्याचं काय होतं तेही थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रात ‘रियाज सोडला म्हणून झालं’ असा सूर मला ऐकू येतो. पुरुषाचे स्वरतंतू जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचे. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाला, म्हणजे तुमच्या ट्यूनिंगच्या ४४०ला, ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. वर जायचं तर ताणून पातळ व्हावं लागतं. वयाबरोबर स्वरयंत्रातली कूर्चा कडक होत जाते, तंतूंचा स्नायू बारीक होतो, ओलावा घटतो, दोन्ही तंतू पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत आणि मधून हवा निसटते. श्वासही आखूड होतो. विशीत रात्रभर ओरडून सकाळी घसा पुन्हा ताजा असायचा, ती भरून येण्याची ताकद आता नसते. त्यात सिगारेट असेल तर तंतूंना सूज, रात्री अकराला जेवून लगेच आडवं व्हायची सवय असेल तर ॲसिडिटी घशापर्यंत. रियाजाने यातलं काही लांबवता येतं. उलटं फिरवता येत नाही. लग्नातला कोट आता होत नाही म्हणून कोणी बरगड्या कमी करून घेत नाही.

पण वयावर सगळं ढकलू नका, हेही तितकंच खरं. ‘तासाभरात घसा बसतो’ हे तुमचं वाक्य मला खटकलं. जॉन बॉन जोव्हीचं २०२२ मध्ये जे झालं ते आठवा. त्या वसंतातल्या दौऱ्याच्या क्लिपा लोकांनी हसत हसत पुढे पाठवल्या, ‘म्हातारा झाला’ म्हणून मोकळे झाले. प्रत्यक्षात त्याचा एक स्वरतंतू क्षीण झाला होता. जूनमध्ये शस्त्रक्रिया करून त्या तंतूला आतून आधार दिला, तेव्हा कुठे दोन्ही तंतू पुन्हा नीट मिटायला लागले. आवाज सुधारायला वर्षं लागली. म्हणून तुमच्या मित्राला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊ द्या. आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, गिळताना दुखलं किंवा सिगारेट-तंबाखूची सवय असली तर हे टाळूच नये. हा नियम रॉकवाल्यांपुरता नाही. शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, घसा वापरून जगणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. छोटा कॅमेरा घालून तंतू बघतात, काही मिनिटांचं काम असतं. आणि कार्यक्रमापुरता आवाज आणायला स्टिरॉइडची सुई घ्यायचा सल्ला कोणी मित्र देईल, तो ऐकू नका. सुजलेल्या तंतूंवर जोर देऊन गायलं की इजा होते. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला सप्टेंबर २०२३ मध्ये एका कार्यक्रमात गाताना घशाला अशी दुखापत झाली की निरोपाचा दौरा थांबला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे बंद केल्याचं जाहीर केलं.

आता एक अवघड प्रश्न तुम्हालाच. जॅमिंगला तुमचा अँप किती वाजतो? बंद खोलीत ड्रम आणि लीड गिटार पूर्ण जोरात असली की गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो नकळत ओरडायला लागतो. माणूस म्हणून सगळेच तेच करतात. मग पट्टी कुठलीही असो, तासाभरात घसा बसणारच. पुढच्या रविवारी अँप निम्म्यावर आणा, गायकासमोर एक बरा मॉनिटर (त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर) ठेवा आणि तोच सेट वाजवून बघा. निम्मा ‘गेलेला आवाज’ खोलीतच सापडेल असा माझा अंदाज आहे. गिटारवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, ठाऊक आहे.

बाकीच्यांनी सुचवलेला भाचा. हा पर्याय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जर्नी या अमेरिकन बँडच्या गिटारवादकाने २००७ मध्ये यूट्यूबवर फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा शोधला आणि जुना गायक स्टीव्ह पेरी याची गाणी गायला उभा केला. पेरीच्या जागा तो हुबेहूब लावतो, गर्दी खूश असते. पण जर्नी हा धंदा आहे. ठरलेली गाणी ठरलेल्या पट्टीत ऐकायला लोक तिकीट काढतात. तुमच्या मेळाव्याला कोण येणार? तुमच्याच बॅचचे, तुमच्याच वयाचे लोक. त्यांना २३ वर्षांचा अनोळखी मुलगा अचूक गाताना बघायचाय, की बाकावर चढून ज्याला ऐकलं तो? शिवाय एक साधी गोष्ट. ते सगळे बरोबर गाणार आहेत. मूळ पट्टीत त्यांचाही घसा पोहोचणार नाही. एक स्वर खाली घेतलंत तर सभागृह तुमच्याबरोबर गाईल.

अर्थात ‘सगळं सरसकट एक स्वर खाली’ हे तुमच्या मित्राचं म्हणणंही मला आंधळं वाटतं. रॉकमध्ये आवाज थोडा ताणलेला असण्यातच धार असते. फार खाली गेलात की गायक आरामात असतो आणि गाणं झोपतं. म्हणून गाण्यागणिक ठरवा. जॅमिंगच्या शेवटी, दमल्यावर (सुरुवातीला ताजा असताना नाही), त्याला सर्वात वरचा जो स्वर लागोपाठ तीनदा न फाटता लावता येतो तो लिहून ठेवा. गाण्यातली सर्वात उंच जागा त्या स्वराच्या किंचित खाली येईल अशी पट्टी धरा. काहींना अर्धा स्वर पुरेल, काहींना दोन लागतील, एखादं कदाचित आहे तिथेच राहील. कुठे अख्खं गाणं खाली न आणता फक्त एक ओळ वळवता येईल, कारण उंच जागा बऱ्याचदा दोनच असतात. आणि काही गाण्यांमध्ये किंकाळी हाच जीव असतो. ती काढल्यावर उरत नाही काही. डीप पर्पलच्या इयान गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ १९७० च्या अल्बमसाठी, पंचविशीच्या उंबरठ्यावर रेकॉर्ड केलं. पुढे कधीतरी बँडने ते मैफिलीत वाजवणंच सोडलं आणि बाकीची गाणी गात फिरत राहिले. तुमच्या यादीत ते असेल तर खुशाल वगळा. एल्टन जॉनचं उलट. जानेवारी १९८७ मध्ये स्वरतंतूंची शस्त्रक्रिया झाली, आवाज भरदार आणि खाली आला, जुन्या गाण्यांतल्या त्या पातळ, उंच जागा त्याने खालून घ्यायला सुरुवात केली. आणि मग २०२३ पर्यंत स्टेडियमं भरली.

तुमच्या रिफबद्दल. ओपन तारा हव्यात तर पट्टी बदलताना बोटं सरकवू नका, सगळी गिटारच उतरवा. पांढरी तीनचं गाणं पांढरी दोनमध्ये आलं तरी बोटांना तोच आकार, तीच ओपन तार. तारा मात्र एक नंबर जाड घ्या, नऊच्या असतील तर दहाच्या, नाहीतर तारा लुळ्या पडतील आणि बेसवाल्याची सर्वात जाड तार फडफडेल. कार्यक्रमात दोन ट्यूनिंग लागली तर दोन गिटारी आणा. कीबोर्डवाल्याला काही सांगू नका, त्याच्याकडे ट्रान्सपोझचं बटण आहे आणि तो ते आधीच वापरत असणार.

आता त्या तीन मराठी गाण्यांकडे येते. पत्रात तुम्ही त्यांना दोन ओळींत उडवलंत, पण मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. गायिका जोनी मिचेलने ढगांकडे आणि प्रेमाकडे दोन्ही बाजूंनी पाहणारं तिचं गाजलेलं गाणं, ‘बोथ साइड्स नाउ’, विशीत लिहिलं आणि १९६९ मध्ये उंच, नितळ आवाजात रेकॉर्ड केलं. तेच गाणं २००० साली, छप्पन्नाव्या वर्षी, वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गायली, तेव्हा आवाज इतका खाली उतरलेला की वेगळी बाई गातेय असं वाटावं. लहानपणापासूनच्या सिगारेटींचा त्यात वाटा मोठा. त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द हुशार वाटतात, दुसऱ्यात खरे वाटतात. दोन्ही एकामागोमाग ऐका आणि मग मित्राची गाणी पुन्हा ऐका.

आपल्याकडे हे शिकायला रॉकपर्यंतही जावं लागत नाही. कुमार गंधर्वांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाने गाठलं, देवासला काही वर्षं गाणंच बंद होतं. पुन्हा गायला लागले तेव्हा एकच फुप्फुस भरवशाचं. पुढची त्यांची लहान लहान स्वरवाक्यं, मधल्या त्या थांबण्याच्या जागा फक्त आजारातून आल्या असं म्हणणं त्यांच्या प्रतिभेवर अन्याय करणारं आहे. माळव्यातली लोकगीतं अंथरुणात पडून ऐकली, तीही त्यात आहेत. पण मोठा दमसास असल्याचं सोंग त्यांनी आणलं नाही. आहे त्या श्वासात काय मावतं, तेवढंच गायले आणि त्यातून नवं गाणं उभं केलं.

तुमच्या मित्राच्या गाण्यांना कदाचित जमलेलं नसेल. घरची गाणी बऱ्याचदा जमत नाहीत, हेही खरं. पण ‘रॉक वाटत नाही’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही, कारण ती रॉक वाटण्यासाठी ज्याची गरज आहे ती गिटार तुमच्या हातात आहे. गायक खाली, जवळ, बोलल्यासारखा गातोय, म्हणजे वरची जागा मोकळी आहे. पूर्वी ती त्याच्या किंकाळीने भरलेली असायची आणि तुम्हाला मधल्या पट्ट्यात राहावं लागायचं. आता ती तुमची. तिथे तुम्ही काय वाजवता, डिस्टॉर्शन किती ठेवता, कुठे गप्प बसता, यावर गाणं ठरेल. तीनपैकी एक निवडा आणि महिनाभर त्यावर बँडने काम करा. जमलं तर जानेवारीत शेवटून दुसरं ठेवा, पहिलं नको. लोकांना आधी ओळखीचं काही हवं असतं.

आणि बोलायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. बाकी तिघांच्या आधी, एकट्याने, जॅमिंगच्या खोलीबाहेर. ‘तुझा आवाज गेलाय’ याने सुरुवात करू नका, त्याला ते तुमच्या आधी कळलंय, म्हणून तर पट्टी उतरवायचा विषय त्याने काढला. ‘कुठली गाणी किती खाली घ्यायची ते तू सांग, मी गिटार उतरवतो, आणि जे उतरवूनही जमणार नाही ते सोडून देऊ’ एवढं म्हणा. डॉक्टरांचं सांगताना स्वतःचंही काहीतरी सांगा. पन्नाशीतल्या गिटारवाल्याचं मनगट किंवा खांदा पूर्वीसारखा असेल यावर माझा विश्वास नाही. तो चिडला तर चिडू द्या, त्या दिवशी निर्णय घेऊ नका.

भाच्याला रविवारी बोलवाच. मुख्य माइक त्याला देऊ नका, पण कोरसमधल्या वरच्या ओळी, ज्या तुमच्या मित्राने खाली वळवल्या, त्या त्याला हार्मनी म्हणून गाऊ द्या. गाण्याची उंची राहील आणि मित्राचा घसाही. फक्त त्या ओळी बसवून घ्यायचं काम ड्रमरला किंवा तुम्हाला नको. ते मित्राकडे सोपवा, त्या जागा कशा घ्यायच्या हे तुमच्या बँडमध्ये त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.